आधी आईचं नाव

मागच्या हिवाळ्यात दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं पुण्याहून आठवडाभर आमच्याकडे आली होती. महाकाल, हरसिद्धी, सांदीपनी आश्रम पहिल्या दोन दिवसांतच झाले. मग मुलांचा प्रश्न, "आत्या, आता मज्जा कुठे?"

मी इंदूरजवळ राऊची नखराली ढाणी सुचवली. राजस्थानी खेड्याचा देखावा, उंटाची सवारी, कठपुतळ्या, लोकनृत्य आणि दाल-बाटी-चूरमा. मुलं एका पायावर तयार!

मी वही काढली. आमचं घर देवास गेट बस स्टँडपासून पाच मिनिटांवर. इंदूर 55 किलोमीटर आणि राऊ त्याच्याही पुढे. ढाणी रंगते संध्याकाळी, म्हणजे परतायला रात्र होणार. बस नको, गाडीच करू. दादा, वहिनी, दोन मुलं, हे आणि मी. सहा जण.

"आणि आई?" वहिनीनं हळूच विचारलं.

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आई माझ्याकडेच असते, 74 वर्षांची. त्याआधीच्या दिवाळीत न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हापासून जिना उतरलीच नव्हती. कुठेही निघालो की म्हणायची, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." आम्हालाही त्याची इतकी सवय झाली की मोजताना तिचं नावच राहिलं. हीच आई 26 वर्षं देवास गेटहून सकाळची बस धरून खेड्यातल्या शाळेत शिकवायला जायची. बरेचदा उभ्यानं.

तिला विचारलं तर म्हणाली, "खेडं बघायला पैसे? मी तर आयुष्यभर फुकट पाहिलं!" थोड्या वेळानं मात्र स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "तिथे बसायला बाज असते का गं?"

मी वहीचं पान फाडलं आणि नव्यानं यादी केली, या वेळी आईपासून. फोन करून विचारलं, जेवायला खुर्ची-टेबल मिळेल का, चालणं किती, स्वच्छतागृह कुठे. उजेड असतानाच पोहोचायचं ठरलं. शाल, काठी, रात्रीच्या गोळ्या बरोबर घेतल्या. तिच्याजवळ आळीपाळीनं एकानं बसायचं, म्हणजे कुणाचीच मजा बुडणार नाही.

जिना उतरायला दहा मिनिटं लागली. गाडी देवास गेटवरून निघाली तेव्हा आई चालकाला म्हणाली, "भैया, जरा धीरे." बस स्टँड मागे पडेपर्यंत ती काचेतून बघत होती.

ढाणीत मुलं उंटावर बसली, आई बाजेवर. जेवताना तिची शाळाच भरली. "ही बाटी सरळ विस्तवावर भाजतात. आपला माळव्याचा बाफला आधी पाण्यात उकळायचा, मग भाजायचा आणि तुपात बुडवायचा." नातवंडांनी उद्या घरी बाफले करायचं वचन घेतलं. कठपुतळ्यांचा खेळ तिनं शेवटपर्यंत पाहिला. उठायची घाई आम्हालाच झाली.

दुसऱ्या दिवशी पाय दुखले, पण बाफले झाले. पुढच्या आठवड्यात तर ती काठी घेऊन स्वतःच म्हणाली, "चल, देवास गेटपर्यंत जाऊन येऊ. पेरू घ्यायचेत."

तुम्हीही सुट्टीत सहलीचा बेत करत असाल. यादीत पहिलं नाव घरात सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाचं लिहा. बाकीचा बेत आपोआप जमतो.