माहीमचा पूल

मिठी नदी माहीम आणि वांद्रे यांच्यामधून समुद्राला मिळते. तेथील खाडीवरून आज मोटारींची रांग रात्रंदिवस चाललेली असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बेट माहीमला संपे आणि साष्टी बेट पलीकडच्या तीरावर सुरू होई. इकडून तिकडे जावयाचे तर तरीवाचून गत्यंतर नसे. पावसाळ्यात खाडीला उधाण आले, म्हणजे होडीत पाऊल टाकणे जिवावरचे काम होई. होड्या उलटत, माणसे बुडत आणि दुसऱ्या दिवशी पोटासाठी लोक पुन्हा होडीतच बसत.

येथे पूल व्हावा, असे सर्वांनाच वाटे. पण पैसा कोणी घालावयाचा, येथे गाडे अडे. अखेर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे झाल्या. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि एकच अट घातली : या वाटेने जाणाऱ्या कोणाकडूनही कर घेऊ नये. १८४५ साली हा मार्ग लोकांसाठी खुला झाला.

देणगीची रक्कम मोठी खरीच. पण ती अट तिच्याहून मोठी होती. धनिकाला चार पैशांचा कर जाणवला नसता. डोईवर पाटी घेऊन निघालेल्या बाईला मात्र तो जाणवला असता. जिच्याजवळ काही नाही, तिचाही विचार त्या देणगीत होता. २००९ साली जवळच समुद्रावर वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. तो भव्य आहे. परंतु तेथे पथकर द्यावा लागतो आणि पायी चालणाऱ्याला प्रवेश नाही. जुन्या वाटेवरून मात्र आजही कोणीही चालत जावे.

पुलाखालची मिठी मात्र आता ओळखू येत नाही. विहार आणि पवई तलावांकडून येणारे तिचे पाणी शहराच्या सांडपाण्याने काळे झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कचऱ्याने आणि भरावाने आवळलेल्या नदीच्या पात्रात ते पाणी मावले नाही. ते घराघरांत शिरले.

नदीच्या भयातून माणसाला सोडविण्यासाठी आवाबाईंनी आपली थैली मोकळी केली. नदीला मोकळे करणे हे आता त्या पुलावरून फुकट जाणाऱ्या सर्वांचे देणे आहे.