अजानवृक्षाची रोपं

आळंदीला माउलींच्या समाधीजवळचा अजानवृक्ष आपण भक्तिभावाने पाहतो. त्याची मुळी माउलींच्या गळ्याला लागली आणि नाथमहाराजांनी ती दूर केली, ही कथाही आपल्याला ठाऊक असते. पण हेच झाड रानात दिसलं तर किती जण ओळखतील? हा आपल्याच मातीतला दातरंग. पांढरी बारीक फुलं, मग पाखरांना आवडणारी इवली फळं. बियांपासून रोप होतं.

मेक्सिकोतून आलेलं गिरिपुष्प झटपट वाढतं, म्हणून आपल्या डोंगरांवर लावलं गेलं. देशी झाडाला सबुरी लागते. पुण्याच्या टेकड्यांवर पाण्याचे कॅन घेऊन चढणाऱ्या मंडळींना हे विचारा. रोप लावणं एका सकाळचं काम, जगवणं दोन-तीन उन्हाळ्यांचं, पारायणासारखं नेमाने करायचं.

कार्तिकीला आळंदीहून प्रसाद आणतो, तसं अजानाचं एक रोप आणून वाढवलं तर? तीही सेवाच की. असो.