नायगाराच्या काठी

सन २०२३ च्या ऑक्टोबरात आमचे कॅनडास जाणे झाले. टोरांटोच्या पश्चिमेस लागूनच मिसिसागा हे शहर आहे. गोव्याकडील बरीच कॅथलिक कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो ते वृद्ध गृहस्थ मूळचे बार्देशचे. परंतु १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांस युगांडातून घालवून दिले, तेव्हा कंपालाहून कॅनडात आलेले. त्यांच्या तळघरातील दोन खोल्यांत आमच्याच खानापूर तालुक्यातील एक तरुण पत्नी व लहान मुलीसह भाड्याने राहत होता. स्थायी निवासी म्हणून त्या देशात पाऊल ठेवून त्यास अवघे पाच आठवडे झाले होते.

एका शनिवारी काकांनी आम्हां सर्वांस मोटारीतून नायगारा दाखवावयास नेले. तेथील मोठा प्रपात सुमारे ५७ मीटर उंचीचा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा ५२ मीटरांचा, आणि आकारही तसाच, घोड्याच्या नालासारखा. तेव्हा उंचीने आम्ही काही दिपून गेलो नाही. दिपलो ते पाण्याने! आमची घटप्रभा उन्हाळ्यात खडक उघडे टाकते. येथे चार महासरोवरांचे पाणी बाराही महिने कोसळत असते. उडणाऱ्या तुषारांनी आमचा कोट भिजला, मुलगी टाळ्या पिटू लागली. समोरचा काठ अमेरिकेचा. मध्ये १९४१ साली खुला झालेला पोलादी कमानीचा पूल, आणि त्यावर मोटारींची रांग.

तरुणाचे लक्ष पाण्याकडे नव्हते. आदल्या रात्री गावाहून फोन आला होता. आई बेळगावच्या इस्पितळात होती.

“फादर, मी उद्या निघालो तर मला परत येऊ देतील का?”

प्रश्न साधा नव्हता. विमानतळावर उतरताना त्याच्या स्थायी निवासाची नोंद झाली होती, त्याचा कागदही हाती होता. कार्ड मात्र टपालाने यावयाचे होते. देश सोडण्यास कोणाचीच आडकाठी नसते. अडते ते परतताना. कार्ड नसेल तर विमान कंपनी कॅनडाच्या विमानात बसू देत नाही. तो कागद प्रवासास चालत नाही. सरकार कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवीतही नाही. मग परदेशातूनच प्रवासपत्रासाठी अर्ज करावा लागतो, आणि ते मिळेपर्यंत थांबावे लागते. गंमत अशी की, समोरच्या पुलावरून खाजगी मोटारीने येणाऱ्यास नाक्यावरील अधिकारी पारपत्र व तोच कागद पाहून आत घेऊ शकतात. पण अमेरिकेचा व्हिसा नसलेल्या आमच्या तरुणास त्या पुलाचा काय उपयोग?

काका म्हणाले, “आमच्या वेळी कार्डच नव्हते. ते २००२ साली निघाले, आणि २००३ च्या अखेरीपासून विमानप्रवासास सक्तीचे झाले. तू कार्ड येईपर्यंत थांब, बाळा. नोकरी नवी आहे.”

काकांचे बोलणे व्यवहाराचे होते. तरीही आम्ही म्हटले, “जा. कार्ड नाही म्हणून तुझा हक्क बुडत नाही. पाच वर्षांत ७३० दिवस येथे राहिलास म्हणजे झाले. उशीर होईल, एवढेच.” एवढेच म्हणणे आम्हांस सोपे होते, घरभाडे आम्हांस द्यावयाचे नव्हते.

सोमवारी तो निघाला. पत्नी व मुलगी तेथेच राहिल्या, कार्डांचे पाकीट घेण्यास घरी कोणी तरी हवे होते.

आईने त्यास ओळखले. अकरा दिवस तो तिच्या उशाशी होता. तिची माती झाल्यावर त्याने प्रवासपत्राचा अर्ज केला. तोवर आम्हीही परतलो होतो. भाताची कापणी चालू होती. रोज सायंकाळी तो खळ्यावरून आमच्याकडे येई, फोन काढून अर्जाचे काय झाले ते पाही, आणि पुन्हा खिशात ठेवी. मिसिसागाच्या ज्या गोदामात तो कामास होता तेथे त्याच्या जागी दुसरा माणूस घेतल्याचे तिसऱ्या आठवड्यात कळले. त्या दिवशी तो आमच्याशी फारसे बोलला नाही, आणि आम्हीही त्यास बोलते केले नाही.

सहाव्या आठवड्यात प्रवासपत्र चिकटवलेले पारपत्र आले. तो मिसिसागास पोहोचल्यावर चार दिवसांनी कार्डांचे पाकीटही आले. पत्नीने फोनवर सांगितले, मुलीने आपले कार्ड बाहुलीच्या पेटीत ठेवले होते. ते शोधण्यात सारी दुपार गेली.