छर्रे कुणाचे?

इंदूरच्या एका शाळेत मी चोवीस वर्षं इतिहास शिकवला. इंग्लंडचं यादवी युद्ध आलं की मुलं जांभया देत, म्हणून मी ब्लायदबर्गची गोष्ट सांगायचे. सफोक परगण्यातल्या या खेड्यातल्या चर्चच्या छताला लाकडी देवदूत आहेत. १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउझिंगची माणसं आली आणि त्यांनी त्यांच्यावर बंदुका झाडल्या, छर्रे लाकडात रुतून बसले! मुलं ताठ बसत.

निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडला गेले, तेव्हा हट्टानं ते चर्च पाहिलं. होली ट्रिनिटी, १५व्या शतकातलं. दलदलीच्या काठावर इतकं भव्य, की त्याला दलदलीतलं कॅथीड्रल म्हणतात. आत भरपूर पांढरा उजेड. बाकांच्या टोकांना पापं कोरलेली: अधाशी आपलं सुटलेलं पोट धरून बसलाय, आळशी अंथरूण सोडत नाहीये. जवळच घंटेवर टोला देणारा १६८२ सालचा लाकडी शिपाई. उत्तरेच्या दारावर काळे डाग. १५७७च्या ऑगस्टमध्ये वादळात मनोऱ्याचा कळस कोसळला, माणसं दगावली. हे डाग त्या दिवशी आलेल्या सैतानी काळ्या कुत्र्याच्या नखांचे, असं लोक सांगतात. मला हसू आलं.

मग मान वर केली. पंख पसरलेले माझे देवदूत तिथं होते. चर्चची देखरेख करणाऱ्या आजींना मी उत्साहानं डाउझिंगचं विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, छर्रे त्याच्या काळातले नाहीत. दुरुस्तीच्या वेळी सापडलेलं शिसं १८व्या शतकातलं निघालं. चर्चच्या जुन्या हिशेबात बंदुकीच्या दारूचा खर्चही आहे, तो छतात शिरणारे जॅकडॉ, म्हणजे तिकडचे छोटे कावळे, मारण्यासाठी.

म्हणजे देवदूतांना लागलेले छर्रे चर्च जपणाऱ्या घरच्याच माणसांचे होते.

डाउझिंग निर्दोष नव्हे. इथली चित्रं आणि वीस देवदूत काढून टाकण्याचा हुकूम त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे. पण त्यानं न केलेलंही मी त्याच्या माथी मारलं, कारण एकच खलनायक असला की तास रंगतो. कुत्र्याच्या नखांना हसणारी मी स्वतः काय सांगत होते? पुढे सहलीत भंगलेली मूर्ती दिसली, की ती कुणी फोडली याचं उत्तर माझ्या मुलांकडे तयार असायचं. कुणी पुरावा विचारत नसे. ती सवय लावण्यात माझाही हात होता.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: ब्लायदबर्गची गोष्ट मी चुकीची सांगितली होती. खरी अशी. थोड्या वेळानं एकाचं उत्तर आलं: "मॅडम, तुमच्या तासातलं मला तेवढंच आठवतंय."