दुसरा दांडा

आमचे गाव सव. सावित्री नदीच्या काठी आहे. इथले गरम पाण्याचे झरे बघायला लांबून लोक येतात. पण आज मी आमच्या शेताविषयी लिहिणार आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाडला मोठा पूर आला. आमच्या खालच्या खाचरात गाळ बसला, तोही एका बाजूला जास्त. तेव्हापासून पावसात एका कोपऱ्यात भात बुडायचे आणि दुसऱ्या कोपऱ्याला पाणीच पोचायचे नाही. गेल्या मे महिन्यात आईने शेळी विकली आणि बाबांनी पाते लावलेला ट्रॅक्टर ताशी भाड्याने आणला. पैसे दोनच तासांचे होते.

आधी ढेकळे फोडून घेतली, कारण माती भारी. ट्रॅक्टरवाले मामा म्हणाले, "लिफ्ट पाते उचलते, खाली दाबत नाही. पाते आपल्या वजनानेच खाली बसतं. माती घट्ट असली तर नुसतं वरून घसरतं."

आधी त्यांनी उजव्या बाजूच्या दांड्याची चकरी फिरवून पाते आडवे सरळ केले. मग वरच्या टॉप लिंकने त्याचा कल बसवला. काम छान चालले. मामा पाणी प्यायला बांधावर गेले. मी सीटजवळ गेलो. तिथे लिफ्टचे दोन दांडे होते. मी एक जरा हलवला. कोणी बघितले नाही.

पुन्हा काम सुरू झाले आणि पाते नाचू लागले. घट्ट जागी आपोआप वर जाई, मऊ जागी खोल घुसे. शेतात लाटा उठल्या! मामा खाली उतरले, तेल बघितले, पिना बघितल्या. अर्धा तास गेला. बाबा घड्याळाकडे बघत होते. आई काहीच बोलत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. शेवटी मी रडत रडत सांगितले, "मामा, मी दांडा हलवला."

वाटले, आता मार बसणार. पण मामा हसले. म्हणाले, "अरे, तो ड्राफ्टचा दांडा. तो नांगराच्या कामाचा. नांगराला ओढ जास्त पडली की तो लिफ्टला जरा उचलायला लावतो. सपाटीला पोझिशनचा दांडा लागतो. तो पाते ठरवल्या उंचीवर धरतो." आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने, हॅरी फर्ग्युसनने, ही जोडणी घडवली, असे नंतर गुरुजींनी सांगितले. १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरवर ती होती.

मामांनी दांडा जागेवर आणला. पुढची चाके उंचावर चढली की मागचे पाते खाली जाते, म्हणून ते सावकाश चालले आणि दर फेरीला थोडीच माती काढली. आजोबांनी पाण्याच्या नळीने पातळी बघितली. मामांनी गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे घेतले नाहीत. काम संपल्यावर त्यांनी पाते जमिनीवर टेकवून ठेवले. उचललेल्या पात्याखाली कधी जाऊ नये, हेही त्यांनीच सांगितले.

पावसात खाचरात पाणी सगळीकडे सारखे उभे राहिले. आई बांधावर उभी राहून कितीतरी वेळ बघत होती.

मित्रांनो, न विचारता यंत्राला हात लावू नका. आणि चूक झाली तर लगेच सांगा. मी लगेच सांगितले असते तर तो अर्धा तास वाचला असता.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी