केळशीची वाळू

केळशी दापोली तालुक्यात आहे, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचा मला आनंदच झाला होता. गर्दी मुरुड-हर्णैलाच थांबते, आपण मात्र पुढे आलो, अशा थाटात मी एसटीतून उतरले.

महालक्ष्मीच्या देवळाला घुमट आहेत. लांबून दर्गाच वाटतो. याकूबबाबांचा खरा दर्गा वेगळा, उंचावर. पण मी आले होते ती वाळूच्या टेकडीसाठी. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे ती उभी आहे. चढताना पाय घोट्यापर्यंत रुततात. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाळूच्या थरांत त्यांना जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. 1524 मध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या आसपास असताना समुद्र हादरल्याची नोंद आहे. त्या वेळच्या त्सुनामीत ही वाळू आली असावी, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या मला हे थर फारच जवळचे वाटले.

रात्री जेवताना मी काकूंना म्हटलं, "इथे तो सागरी महामार्गाचा पूल होऊ नये. टेकडीची वाट लागेल."

काकूंनी आणखी सोलकढी वाढली. "लेक दिलीय पलीकडे. इथून तिचं गाव दिसतं, पण जायचं तर आतून वळसा. मागे पुलासाठीच टेकडी कापली ना, म्हणून तर तुमच्या पुण्याच्या लोकांना आतलं दिसलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेकडी वाचायला हवी, हे मला अजूनही वाटतं. पूल जरा बाजूने काढता येईल, असं मी पुटपुटले. पण "होऊ नये" हे मी ज्या सहजतेने म्हटलं होतं, त्याची लाज वाटली. मला परवा पुण्यात परतायचं होतं.

निघताना काकू म्हणाल्या, "अगं, मोबाईलच्या नकाशात आमचं घर येत नाही. तुला जमतं ना ते? गिऱ्हाईक चुकून पुढे जातं."

जमतं. मी ओटीवर बसून घराची जागा टाकली, चुलीजवळचा एक फोटो लावला. मग सवयीने नकाशा सरकवत किनाऱ्यावर गेले. टेकडीच्या जागी नुसता पिवळा पट्टा होता. नाव द्यायला बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. तेवढ्यात एसटी आली.