तांदळाच्या डब्यांतील गोळ्या

दंडावर देवीच्या लशीचा वण असलेली पिढी आतां आमच्या जुन्नर-आंबेगांवांत उतारवयास लागली आहे. १९८० सालीं देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. त्याच रोगाचा एक भाऊबंद, एमपॉक्स, जुलै २०२२ मध्यें केरळांत आढळला व पुण्याच्या विषाणु-संस्थेनें त्याची ओळख पटविली. तेव्हांपासून 'पुन्हां देवी आल्या कीं काय?' अशी पृच्छा आम्हांस अधूनमधून होते.

येथें असा रोगी आमच्या पाहण्यांत नाहीं. बहुतेकांस हा रोग दोन-चार आठवड्यांत सोडूनहि जातो. परंतु एच.आय.व्ही.नें ज्यांची प्रतिकारशक्ति पार खचली आहे, त्यांच्या अंगावर तो भयंकर रूप धरितो. पुटकुळीवर खपली धरत नाहीं. व्रण पसरतो, मांस काळें पडून झडूं लागतें. कातडी म्हणजे घराची भिंत. ती ढासळली कीं पू करणारे जंतू आंत शिरतात व रक्तांत भिनून प्राणावर बेततें. मग त्या जंतूंवर निराळे उपचार करावे लागतात. ज्यांच्या रक्तांतील सी.डी.४ या रक्षक पेशी घनमिलिमीटरला ३५० हून कमी होत्या, अशा ३८२ एमपॉक्स-रोग्यांची पाहणी २०२३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांतील २७ दगावले. त्या सर्वांच्या पेशी २०० च्याहि खालीं उतरल्या होत्या.

या आंकड्यांचा आमच्या तालुक्याशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारी एक बाई आहे. तिच्या संमतीनें, नांवगांव टाळून लिहीत आहों. नवरा गेल्यावर तिला स्वतःचें दुखणें कळलें. जवळपास कोणी ओळखील या धास्तीनें ती एस्.टी.नें पुण्यास जाऊन गोळ्या आणते. वाटेंत भोसरी लागते. याच रोगाच्या संशोधनासाठीं १९९२ सालीं स्थापिलेली संस्था तेथेंच आहे! सरकार २००४ पासून या गोळ्या फुकट देतें, २०१७ पासून तर निदान होतांच देतें. त्याच वर्षींच्या कायद्यानें रोग्याची अवस्था त्याच्या संमतीवांचून उघड करण्यासहि मनाई केली आहे. पण शेजारणीच्या नजरेस कायदा कोठून लागूं व्हावा? आम्हां शिकल्यासवरल्यांच्या घरांतहि असल्या माणसाची कपबशी वेगळी ठेवणारे आहेत. चहाच्या कपानें हा रोग जडत नाहीं हें ठाऊक असून.

बाई गोळ्या तांदळाच्या डब्यांत दडविते. घरांत पाहुणे आले कीं डबा उघडतां येत नाहीं. गेल्या लग्नसराईंत सलग नऊ दिवस गोळी चुकली. अशा खंडांतच विषाणु पुन्हां डोकें वर काढतो व पेशी घटत जातात.

"काका, दुखण्याचं इतकं भ्या वाटत न्हाई, डबा उघडायचं वाटतं," ती म्हणाली.

आमच्या कुटुंबानें गोळ्यांची एक बाटली आपल्या देवघराच्या फडताळांत ठेवून घेतली आहे. रोज सकाळीं दुधाचें पातेलें घेऊन दाराशीं जातांना तें आतां पाण्याचा तांब्याहि नेतें.